नफा कागदावर, पैसे वाटेत: मॅच्ड बेटिंगमधील एका अडकलेल्या खात्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

निखिल (नाव बदलले आहे) मूळचा सांगलीचा. इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर आहे, बायकोही नोकरी करते. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर त्याने ५०० पौंड बाजूला काढले आणि मॅच्ड बेटिंग सुरू केले. पाच-सहा आठवड्यांत नव्या ग्राहकांच्या ऑफर संपवायच्या, एप्रिलच्या मध्यात भारतात सुट्टीला जायचे आणि परत आल्यावर घराच्या कर्जासाठी अर्ज करायचा, असा बेत होता.

हिशेबाची रीत थोडक्यात अशी. सट्ट्याच्या बोलीत ज्याला ‘लावणे’ आणि ‘खाणे’ म्हणतात, ते दोन्ही एकाच सामन्यावर करायचे. बेटिंग कंपनीकडे एखादा संघ जिंकेल म्हणून लावायचे (बॅक) आणि एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे कंपनीऐवजी दुसऱ्या खेळणाऱ्यांशी पैज लागते तिथे, तीच पैज खायची (ले). निकाल काहीही लागला तरी एकीकडचा तोटा दुसरीकडे जवळजवळ भरून निघतो. कमाई होते ती कंपनीने दिलेल्या फ्री बेटवर, म्हणजे स्वतःचे पैसे न घालता लावता येणाऱ्या पैजेवर.

ब्रिटनमध्ये हे कायदेशीर आहे आणि जिंकलेल्या रकमेवर खेळणाऱ्याला कर नाही. भारतात तसे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच्या कितीतरी आधीपासून लॉटरी, स्वीपस्टेक, फुटबॉल पूल अशांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांनुसार मनाई आहे. म्हणून इथले सगळे ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांपुरते आणि तिथल्याच कमाईपुरते समजावे. ज्यांना जुगाराची ओढ पूर्वी भोवली आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. गणित बरोबर असले तरी दिवसभर खेळायच्या ॲपमध्येच बसावे लागते.

पहिली संध्याकाळ

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. निखिलने एका बैठकीत सहा कंपन्यांकडे खाती उघडली. त्यांना क, ख, ग, घ, च, छ म्हणू. क आणि ख यांची ऑफर २५ पौंडांची पैज लावा, २५ ची फ्री बेट घ्या अशी होती, बाकी चौघांची १० लावा, ३० घ्या अशी. एक्स्चेंजवर २८० पौंड भरून झाले होते. मग क आणि ख मध्ये ५०-५०, ग आणि घ मध्ये ३०-३० पौंड भरले.

पाचव्या खात्यात, म्हणजे च मध्ये, पैसे भरताना डेबिट कार्ड नाकारले गेले. अर्ध्या तासात जुगाराचे पाच व्यवहार पाहून बँकेच्या यंत्रणेने कार्ड थांबवले होते आणि ‘हे व्यवहार तुम्हीच करत आहात का’ असा एसएमएसही पाठवला होता. तो निखिलने दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला. त्या क्षणी टेबलावर बायकोचे संयुक्त खात्याचे कार्ड होते. खाते दोघांचे, पैसे दोघांचे, म्हणून त्याने त्या कार्डाने ३० पौंड भरले. व्यवहार पार पडला. छ मध्ये दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कार्डाने भरले.

पैसे भरताना कार्डावरचे नाव कंपनीकडून काटेकोरपणे तपासले जाईलच असे नाही. काढताना मात्र ते तपासले जाते. पुढच्या तीन आठवड्यांचा सगळा घोळ या एका व्यवहारातून आला.

दुसरी गोष्ट निखिलच्या लक्षातही आली नव्हती. त्याच शुक्रवारपासून ब्रिटनमध्ये नवा नियम लागू झाला होता. एखाद्या कंपनीकडे ३० दिवसांत निव्वळ १५० पौंडांपेक्षा जास्त भरणा झाला, तर तिने ग्राहकाच्या आर्थिक अडचणींची प्राथमिक तपासणी करायची. आधीची मर्यादा ५०० होती. निव्वळ म्हणजे भरलेले वजा काढलेले, आणि हिशेब प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र. एक्स्चेंजवर २८० गेल्यामुळे ही मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडली गेली. यात घाबरण्यासारखे काही नाही. ही तपासणी दिवाळखोरी, कोर्टाचे वसुली आदेश अशा सार्वजनिक नोंदींवरून होते आणि क्रेडिट स्कोअरला धक्का लागत नाही.

हिशेब आणि खरी अडचण

शनिवार-रविवारी सहाही पात्रता पैजा, म्हणजे फ्री बेट मिळवण्यासाठी आधी लावायच्या पैजा, झाल्या. लावण्याचा भाव ३.० (जिंकल्यास एका पौंडाला मूळ रकमेसह तीन), खाण्याचा ३.०५, एक्स्चेंजचे कमिशन २ टक्के. १० पौंडांच्या पैजेसाठी खाण्याची रक्कम ३० (१० गुणिले ३.०) भागिले ३.०३ (३.०५ वजा कमिशनचे ०.०२) म्हणजे ९.९० आणि लायबिलिटी, म्हणजे खाल्लेली पैज उलटल्यास एक्स्चेंजवर जाणारी रक्कम, २०.३०. निकाल कोणताही असो, तोटा ३० पेन्स. २५ च्या पैजेवर तोटा ७४ पेन्स. सहा पैजांचा एकूण खर्च २.६८ पौंड आला.

क, ग, च, छ मधल्या पैजा जिंकल्या, ख आणि घ मधल्या हरल्या. रविवारी रात्रीची स्थिती अशी:

क १००, ख २५, ग ५०, घ २०, च ५०, छ ५०. कंपन्यांत एकूण २९५.
एक्स्चेंजवर २०२.३२.
सगळे मिळून ४९७.३२.

ताळा जमत होता, तरी पैसे चुकीच्या जागी होते. हातात ३० च्या चार आणि २५ च्या दोन फ्री बेट होत्या, मुदत सात दिवस. फ्री बेट जिंकली तर तिची मूळ रक्कम परत मिळत नाही, फक्त नफा मिळतो. म्हणून ती चढ्या भावाला वापरतात. ६.० ला लावून ६.२ ला खाल्ली तर ३० च्या फ्री बेटमागे खाण्याची रक्कम २४.२७ येते आणि २३.८० च्या आसपास पौंड सुटतात. पण त्यासाठी एक्स्चेंजवर १२६.२० अडकवावे लागतात, २५ च्या फ्री बेटला १०५.२०. सहाही एकदम करायच्या तर ७१५.२० पौंड हवेत. एक्स्चेंजवर होते २०२.

नवखा माणूस भांडवल मोजताना पात्रता पैजेची रक्कम बघतो. खरे भांडवल लागते ते फ्री बेट वापरताना, आणि तेही एक्स्चेंजवर. त्यात कंपन्यांकडच्या पैजा जिंकत गेल्या की पैसे एक्स्चेंजवरून कंपन्यांकडे सरकत राहतात. सुरुवातीला नशीब ‘चांगले’ निघाले तर खेळणारा अडतो, हा यातला विनोद आहे.

मंगळवारी चॅम्पियन्स लीगच्या रात्री निखिलने च ची फ्री बेट ६.० ला वापरली. ती जिंकली. च मध्ये १५० ची भर पडून २०० झाले, एक्स्चेंजवर ७६.१२ उरले. त्याने लगेच च मधून २०० काढायची मागणी टाकली. अर्ध्या तासात ईमेल आला: मागणी थांबवली आहे, ओळख आणि पैसे भरण्याच्या साधनाची मालकी सिद्ध करा.

आता पाच फ्री बेट बाकी, मुदतीचे चार-पाच दिवस, एक्स्चेंजवर ७६ पौंड.

कोणते पर्याय तपासले

पहिला पर्याय पगाराच्या खात्यातून आणखी ३०० पौंड ओतण्याचा. गणिताने तो बरोबर होता, कारण पैसे कुठे जाणार नव्हते. पण महिनाअखेर घरभाडे होते आणि च मधले २०० कधी सुटतील हे कोणी सांगू शकत नव्हते. शिवाय कर्ज देणाऱ्या संस्था सहसा शेवटच्या तीन महिन्यांची विवरणपत्रे मागतात, आणि पगाराच्या खात्यात जुगाराच्या ओळी आधीच पडल्या होत्या. ठरवलेल्या ५०० ची मर्यादा मोडायची नाही, हा निर्णय त्याने टिकवला. या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय हाच.

क्रेडिट कार्डाचा प्रश्नच नव्हता. १४ एप्रिल २०२० पासून ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डाने पैज लावायला बंदी आहे, आणि क्रेडिट कार्डावरून ई-वॉलेटमध्ये घेतलेले पैसेही तिथे चालत नाहीत.

बायकोच्या नावाने खाती उघडून तिच्याकडून पैसे फिरवण्याचा सल्ला एका मित्राने दिला. हे करू नये. दुसऱ्याच्या नावाचे खाते स्वतः चालवणे कंपन्यांच्या अटींत बसत नाही, ऑफर बहुतेक ठिकाणी एका घराला एकच असते, आणि च समोर मालकीचाच प्रश्न उभा असताना त्याच पत्त्यावरून दुसरे खाते उघडणे म्हणजे आपणहून संशय वाढवणे.

फ्री बेट न खाता नुसतीच लावून टाकावी, असेही मनात आले. ‘फुकटचीच तर आहे’. मग मात्र तो सरळ जुगार झाला.

उरला भाव उतरवण्याचा मार्ग. ४.० ला लावून ४.१ ला खाल्ले तर ३० च्या फ्री बेटवर २१.६२ सुटतात, ६.० च्या तुलनेत २.१७ कमी. लायबिलिटी मात्र १२६.२० ऐवजी ६८.३९. दोन-सव्वादोन पौंड सोडून ५८ पौंड मोकळे होतात. तंगीत हा सौदा स्वस्त आहे. अनेकजण ‘ऐंशी टक्के निघालेच पाहिजेत’ म्हणून अडून बसतात आणि मुदत संपून शंभर टक्के घालवतात.

प्रत्यक्षात काय केले

बुधवारी सकाळी निखिलने उरलेल्या पाचही कंपन्यांच्या अटी एका मुद्द्यासाठी वाचल्या: फ्री बेट बाकी असताना पैसे काढले तर ती रद्द होते का? छ च्या अटीत तसे स्पष्ट लिहिले होते, म्हणून छ ला हात लावला नाही. ख आणि घ मध्ये काढण्याजोगे फारसे नव्हते. क मधून १०० आणि ग मधून ५० काढायला टाकले.

क चे पैसे कार्डावर दोन तासांत आले. ग ने बँक ट्रान्सफरने पाठवले, ते शुक्रवारी मिळाले. दोन्ही वेळा रक्कम हातात आल्याबरोबर एक्स्चेंजवर भरली. भरणा तिथे लगेच दिसतो. वेळ जातो तो काढण्यातच.

बुधवारी रात्री एक्स्चेंजवर १७६.१२ होते. ग आणि क च्या फ्री बेट ४.० ला वापरल्या, लायबिलिटी मिळून १२५.३७. दोन्ही लावलेल्या पैजा हरल्या, म्हणजे पैसे एक्स्चेंजवरच आले: २१५.७५. शुक्रवारचे ५० मिळवून २६५.७५. शनिवारी घ, छ आणि ख च्या फ्री बेट त्याच भावाला, लायबिलिटी १९३.७६. छ ची जिंकली, बाकी दोन हरल्या.

शनिवारी रात्रीचा ताळेबंद: एक्स्चेंज २३६.९९, ख २५, घ २०, छ १४०, च २००. एकूण ६२१.९९. कागदावर नफा १२१.९९.

आणि च मधले २०० अजून अडकलेलेच.

च सोबतचा पत्रव्यवहार

इथे निखिलने तीन चुका केल्या.

पहिली, त्याने कागदपत्रे सुटी सुटी पाठवली. मंगळवारी ओळखपत्र, बुधवारी कार्डाचा फोटो, शुक्रवारी विजेचे बिल. प्रत्येक नव्या ईमेलने प्रकरण रांगेत मागे जात राहिले.

दुसरी, ओळखपत्र म्हणून निवास परवान्याचे जुने प्लास्टिक कार्ड पाठवले. त्या कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपून त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली होती. कंपनीने ते परत केले. पासपोर्टच पाठवायला हवा होता.

तिसरी चूक नावाची, आणि ती आपल्याकडच्या नावांमुळे अधिक गुंतली. निखिलच्या पासपोर्टवर त्याच्या नावापुढे वडिलांचे नाव आहे. बेटिंग खाते त्याने नुसते नाव आणि आडनाव देऊन उघडले होते. ज्या कार्डाने पैसे भरले त्यावर बायकोचे नाव, मधले नाव म्हणून निखिलचे नाव आणि मग आडनाव. तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन कागदांवर तीन वेगळी नावे दिसत होती, आणि त्यातल्या एकावर ग्राहकाचे नाव भलत्याच जागी. ‘ही व्यक्ती तुम्हीच आहात का’ असा प्रश्न आला. निखिलने घाईत ‘हो, खाते माझेच आहे’ असे उत्तर दिले. ते अर्धसत्य होते आणि त्याने संशय वाढला.

यानंतर त्याने कंपनीच्या जुगार परवान्यातल्या अटीचा हवाला देऊन कडक ईमेल लिहिला. जी माहिती आधीच मागता आली असती ती पैसे काढताना मागून कंपनीने अडवणूक करू नये, अशी अट खरोखर आहे. पण दुसऱ्याच्या नावाचे कार्ड वापरले गेले असताना तिचा उपयोग नाही. कंपनीची शंका रास्त होती.

दहाव्या दिवशी त्याने सगळे नव्याने, एकाच ईमेलमध्ये पाठवले. पासपोर्टचे फोटोचे पान, चारही कोपरे दिसतील असे. तीन महिन्यांच्या आतले कौन्सिल टॅक्सचे (तिथल्या घरपट्टीचे) बिल. कार्डाच्या पुढच्या बाजूचा फोटो, पहिले सहा आणि शेवटचे चार अंक उघडे, मधले झाकलेले. संयुक्त खात्याचे विवरणपत्र, ज्यावर दोघांची नावे आणि ३० पौंडांची ती नोंद. सोबत चार ओळी: कार्ड पत्नीचे आहे, खाते दोघांचे आहे, माझे कार्ड बँकेने थांबवल्यामुळे ते वापरले, आणि मराठी नावांत विवाहित स्त्रीचे मधले नाव पतीचे असते.

निष्पत्ती

सोमवारी, २४ मार्चला, पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात निर्णय आला. ज्या कार्डावरून ३० पौंड आले होते त्याच कार्डावर ३० परत, आणि उरलेले १७० निखिलच्या स्वतःच्या पडताळलेल्या खात्यात. मागणी टाकल्यापासून २० दिवस झाले होते. पैसे आले तशा त्या खात्याच्या ऑफरही बंद झाल्या.

हे सुटले म्हणून बरे. परक्या कार्डाच्या कारणावरून कंपनीने पैजा रद्द करून फक्त भरलेले ३० परत केले असते, तर १७० बुडाले असते आणि एक्स्चेंजवरचा तोटा मात्र तसाच राहिला असता. महिन्याचा हिशेब १२२ अधिकऐवजी ४८ उणे झाला असता. बॅक पैज रद्द होऊ शकते, एक्स्चेंजवरची ले होत नाही. मॅच्ड बेटिंगमध्ये खरी जोखीम म्हणतात ती ही.

तक्रार पुढे न्यायची वेळ आली असती तर क्रम असा होता: आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आठ आठवड्यांत तोडगा न निघाल्यास किंवा कंपनीने अंतिम उत्तर दिल्यास तिने नेमलेल्या स्वतंत्र लवादाकडे. अनेक बेटिंग कंपन्यांसाठी ती संस्था आयबास असते. गॅम्बलिंग कमिशन ही नियामक संस्था परवाने देते, वैयक्तिक पैशांचे वाद सोडवत नाही.

भाव उतरवल्याने सगळे मिळून सुमारे १० पौंड कमी सुटले. त्यातले दोन तरी वाचवता आले असते. शनिवारी २६५.७५ हातात असताना एक फ्री बेट ६.० ला आणि दोन ४.० ला केल्या असत्या तर २५१.५७ लागले असते. निखिलने १४ पौंडांची फट अपुरी मानली. सामन्याआधी भाव हलतात हे धरता त्याला दोष देता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

सहा खाती एका संध्याकाळी उघडायची गरज नव्हती. आठवड्याला दोन उघडली असती तर बँकेने कार्ड थांबवले नसते आणि फ्री बेटच्या मुदतीही एकावर एक आल्या नसत्या. ५०० च्या भांडवलात ६.० च्या भावाला एका वेळी दोन, फार तर तीन फ्री बेट झेपतात, त्याही एक्स्चेंजवर साडेतीनशे असतील तर. पाच-सातशे पौंड घेऊन सहा आघाड्या उघडणाऱ्यांची गत बहुधा अशीच होते.

कार्ड थांबले तेव्हा बँकेचा एसएमएस बघून ‘हो’ म्हणण्याचे एका मिनिटाचे काम होते. तेही जमले नसते तर च ला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवायचे. ऑफर कुठे पळत नव्हती.

पुढच्या फेरीसाठी निखिलने वेगळे चालू खाते काढले. त्याचे एकच डेबिट कार्ड, सगळा भरणा आणि सगळी काढणी त्यावरूनच. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत पाठवण्याची कंपन्यांची रीत असल्याने दोन साधने मिसळली की परतीच्या रकमेची फोड होते. स्क्रिल, नेटेलरसारख्या वॉलेटनी भरणा केल्यास कित्येक ऑफर मिळतच नाहीत, हेही आहेच. वेगळ्या खात्याचा हेतू कर्ज देणाऱ्यापासून काही दडवण्याचा नाही. सावकाराने सर्व खात्यांची विवरणपत्रे मागितली तर हेही द्यायचे. फक्त ते एकटे आणि सुसंगत दिसते, आणि शेजारी हिशेबाची वही जोडता येते.

त्या वहीत त्याने एक रकाना वाढवला: ‘वाटेत’. काढायला टाकलेले पण हातात न आलेले पैसे तिथे लिहायचे आणि नव्या पैजेसाठी ते मोजायचेच नाहीत. नव्या कंपनीत पहिली पैज मिटली आणि अटी आड येत नसल्या की लगेच १० पौंड काढून बघायचे. कागदपत्रे मागायचीच असतील तर ती २०० अडकल्यावर मागण्यापेक्षा १० वर मागितलेली बरी. काढायची मागणी टाकल्यावर ती मागे घेऊन पुन्हा खेळण्याची सोय ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर २०२१ पासून बंद आहे. त्यामुळे एकदा टाकले की रक्कम वाटेत गेली, असेच धरायचे.

नाव सगळीकडे पासपोर्टवर आहे तसेच, वडिलांच्या नावासह भरायचे.

एप्रिलच्या प्रवासाआधी दहा दिवस त्याने नव्या पैजा थांबवल्या आणि छ मधले १४०, ख मधले २५, घ मधले २० आणि एक्स्चेंजवरची सगळी शिल्लक काढून घेतली. सांगलीहून ही खाती उघडता येत नाहीत, व्हीपीएन वापरणे अटींत बसत नाही, आणि पडताळणीचा एखादा ईमेल मध्येच आला तर कौन्सिल टॅक्सचे बिल रेडिंगच्या कपाटात असते. विमानात बसताना प्रत्येक खात्यात शून्य होते.